शंभर शब्दांत पाककृती मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणाच्या पुरवणीसाठी आपण वाचकांकडून घरच्या पाककृती मागवल्या आहेत, हे वाचून फार आनंद झाला. लगेच आईची वही काढून बसलोही. पण आवाहनाखालच्या अटी वाचल्या आणि पेन खाली ठेवलं. 'साहित्य, कृती आणि एक छायाचित्र. शब्दमर्यादा शंभर.' ही शंभर शब्दांची अट आपण काढून टाकावी, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबणार आहे. थोडक्यात सांगता येण्यासारखी गोष्ट असती तर माझी तक्रारच नव्हती.

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. एकतीस वर्षं तेच काम केलं. तराजू काचेच्या पेटीत असायचा. वजनं हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं, हे दर जूनमध्ये नव्या मुलांना सांगायचो. आणि घरी आई पन्नास वर्षं मुठीने पीठ घेत होती, चिमटीने मीठ टाकत होती, त्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नाही. जेवायला बसायचो, छान झालंय म्हणायचो, उठायचो. याचं मला आज मनापासून वाईट वाटतं, आणि हे पत्र त्या वाईट वाटण्यातूनच आलं आहे.

आईच्या हातचा शेवटचा सण झाला तेव्हा ती 82 वर्षांची होती. मी नुकताच निवृत्त झालो होतो, घरात रिकामा होतो. तळणीचा बेत होता. माझ्या पत्नीने विचारलं, "आई, पीठ किती घेऊ?" आई म्हणाली, "घे की लागेल तेवढं." हा संवाद आमच्या घरात तीस वर्षं चालला होता आणि पत्नी तीस वर्षं त्यापुढे काही न बोलता अंदाजाने पीठ घेत आली होती. त्या दिवशी मी मध्ये पडलो. आईच्या हातात मापाचा कप दिला. तिने दोन कप पीठ घेतलं, परातीत पाहिलं, पुन्हा थोडं काढलं, पुन्हा घातलं आणि कप बाजूला सारून म्हणाली, "मापाने घ्यायला लावलंस की माझा हात चुकतो रे."

तेव्हा मला प्रयोगशाळेतली एक साधी रीत आठवली. एखादा पदार्थ हवेतला ओलावा ओढून घेणारा असला तर तो उघड्यावर तोलत बसत नाहीत. बाटली भरलेली असताना वजन करतात, हवा तेवढा पदार्थ काढून घेतात आणि बाटलीचं पुन्हा वजन करतात. दोन्हींतला फरक म्हणजे काढलेला पदार्थ. मी पिठाचा डबाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला आणि आईला म्हटलं, "तू नेहमीसारखी घे. माझ्याकडे बघूसुद्धा नकोस." तिने पाच मुठी घेतल्या. प्रत्येक मुठीनंतर आकडा लिहिला: 41, 39, 42, 40, 41. पाच मुठींचे 203 ग्रॅम, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मुठीत फरक तीन ग्रॅमचा. मी तो कागद हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. आपण सहज 'अंदाजे' म्हणतो, त्या शब्दाच्या आत हे एवढं असतं.

त्याच पद्धतीने तेलाचं भांडं तोललं, पाण्याचा तांब्या तोलला. मोहन 46 ग्रॅम, पाणी 82. मिठाच्या चिमटीला घरचा काटा पुरेना, तो एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. मग आईला कागदावर एकामागून एक दहा चिमट्या टाकायला लावल्या. पाच ग्रॅम भरले. म्हणजे एक चिमूट अर्ध्या ग्रॅमची. तिने पिठात सहा टाकल्या होत्या.

पण आकडे मिळाले म्हणजे कृती मिळाली, असं मला वाटलं होतं, ते चूक होतं. हे मला त्याच तासाभरात कळलं. गरम मोहन पिठात घातल्यावर आईने ते दोन्ही हातांनी चोळलं, मग मूठभर पीठ घट्ट दाबून मुटका वळतो का पाहिलं. मुटका झाला, बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तेव्हा तिने पाण्याला हात लावला. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "असंच पाहतात." त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. स्निग्ध पदार्थाचा लेप पिठाच्या कणांवर बसला की त्यांना पाणी सहजी मिळत नाही, चिकट जाळं धरत नाही, आणि म्हणून तळलेला पदार्थ चिवट न होता खुसखुशीत होतो. मुटका म्हणजे तो लेप सगळीकडे पोचला की नाही याची परीक्षा. कारण मला माहीत होतं, परीक्षा तिला माहीत होती, आणि इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं.

तळताना तर मी थक्कच झालो. आईच्या एका डोळ्याला दिसत नव्हतं, दुसऱ्याला जेमतेम. ती शेगडीकडे पाठ करून खुर्चीवर बसली होती आणि पत्नी तळत होती. "उलट," आई म्हणायची. थोड्या वेळाने, "आता काढ." पाहिल्याशिवाय. मी लक्ष देऊन ऐकू लागलो. पदार्थ तेलात सोडला की मोठा सळसळाट होतो. तो आवाज पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडण्याचा. पाणी कमी होत गेलं की बुडबुडे बारीक होतात, आवाज खाली बसतो, आणि शेवटी नुसती कुजबुज उरते. त्या कुजबुजीला ती "आता काढ" म्हणत होती. लोणी कढवतानाही हेच. तडतड चालू आहे तोवर पाणी आहे, तडतड थांबली की पाणी संपलं, आणि त्यानंतर दोन मिनिटं दुर्लक्ष झालं तर करपलंच. हे कुठल्या छापील कृतीत मी वाचलेलं नाही. 'सोनेरी रंगावर तळून घ्या' एवढंच असतं, आणि सोनेरी कशाला म्हणायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या कागदावर आली. 'गोळा काढण्याआधी हात ओला केला, दोनदा.' संध्याकाळी पत्नीने तो कागद वाचला आणि म्हणाली, "हे यात कशाला लिहिलंत? हे तर करतातच." मी म्हटलं, मी नाही करत. तिला हे लिहिण्यासारखं वाटलं नाही, कारण तिचा स्वतःचा हातही न विचारता ओला होतो. यावरून माझं ठाम मत झालं आहे की घरची कृती करणाऱ्याने लिहू नये. शेजारी बसणाऱ्याने लिहावी, आणि ते माणूस स्वयंपाक न येणारं असलं तर फारच चांगलं. घरातला बारा वर्षांचा मुलगा चालेल, निवृत्त नवरा चालेल. ज्याला येतं ते अर्ध्या गोष्टी हाताने करून मोकळं होतं आणि तोंडाने सांगायला विसरतं.

त्या दिवशी एक कृती पूर्ण लिहून झाली. बाकीच्या पुढच्या सणाला लिहू असं ठरवलं. पुढच्या सणाला आई नव्हती.

तिची वही मात्र होती. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पानांना तेलाचे डाग. मला वाटलं, वही आहे म्हणजे काळजी नाही. सण आला तेव्हा मी आणि पत्नीने मिळून पाकातल्या वड्या करायला घेतल्या. भाजलेलं पीठ आणि साखरेचा पाक, एवढाच तो पदार्थ. वहीत ओळ होती: 'पीठ 4 वा. भ., साखर 3 वा., पाक बेताचा, उतरवून जरा थांबावे मग घोटावे.' 'वा.' म्हणजे वाटी, हे कळलं. 'भ.' म्हणजे भाजलेलं, असं मी धरून चाललो. घरातली नेहमीची स्टीलची वाटी घेतली. वड्या झाल्याच नाहीत. ताटात थापलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी सकाळीही चमच्याने खावं लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा केलं, पुन्हा तेच. घरात कोणी काही बोललं नाही, पण त्या दोन्ही वर्षी ते ताट पाहून मला जेवण गेलं नाही.

उलगडा झाला तो ताईकडे. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आईच्या हाताखाली शिकलेली. मी वही दाखवली तशी ती म्हणाली, "अरे, भ. म्हणजे भरून. शिगोशीग. आणि वाटी कुठली घेतलीस तू?" मग आत जाऊन तिने एक पितळी वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. काठाजवळ पोचा आलेली. आईची भांडी वाटली गेली तेव्हा ही वाटी ताईकडे गेली होती, आणि ती त्यात फुलवाती ठेवत होती. आमच्या घरातल्या साठ-पासष्ट कृती त्या वाटीत होत्या.

घरी आणून मी ती काट्यावर ठेवली, काट्याचा आकडा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. 165 ग्रॅम. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा वाटी 165 मिलिलिटरची. माझी स्टीलची वाटी 150 ची निघाली. मग पीठ मोजलं. पितळी वाटीत सुरीने कापून सपाट भरलं तर 88 ग्रॅम, शिगोशीग भरलं तर 112. माझ्या वाटीत सपाट भरलेलं 80. म्हणजे चार वाट्यांना आईचं पीठ 448 ग्रॅम आणि माझं 320. साखर मीही तीनच वाट्या घेतली होती, आणि साखरेला शीग फारशी चढत नाही. पीठ सव्वाशे ग्रॅमहून जास्त कमी पडलं होतं. ती वडी धरणार कशी? एका 'भ.' या अक्षराने आमचे दोन सण गेले.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतल्या प्रत्येक कृतीत 'एक वाटी' हा शब्द असतो. कुठली वाटी हे कोणाच्याच मनात येत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याची वाटी असते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याची. परदेशी कृती पाहून करणाऱ्यांचीही हीच अडचण. अमेरिकेतला कप साधारण 237 मिलिलिटरचा, इतर बऱ्याच ठिकाणी तो 250 चा धरतात. मोठा चमचा बहुतेक देशांत 15 मिलिलिटरचा आहे, ऑस्ट्रेलियात 20 चा. बॉस्टनच्या पाकशाळेत शिकवणाऱ्या फॅनी फार्मर यांनी 1896 साली आपलं पुस्तक काढलं, त्यात कप आणि चमचा सुरीने कापून सपाट भरण्याचा आग्रह धरला. त्याआधी 'अक्रोडाएवढं लोणी' असल्या मापांवर काम चालायचं. त्यांचं मोठेपण मला मान्य आहे. पण सपाट कापलेल्या कपातही पीठ चाळून भरलं तर एक वजन आणि डब्यात कप खुपसून भरलं तर दुसरं. फरक सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा पडतो. ग्रॅमला असा घोळ नाही. आज घरोघरी काटा परवडतो, तेव्हा वजन लिहायला काय हरकत आहे?

एवढं झाल्यावर मला वाटू लागलं होतं की वजन आणि तापमान लिहिलं की संपलं. ती समजूत माझ्या मुलीने घालवली. ती नोकरीनिमित्त डोंगराळ भागात राहते, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर. सणाला येता येणार नव्हतं, म्हणून तिने वडीची कृती मागितली. मी अभिमानाने लिहून पाठवली. पीठ 448 ग्रॅम, साखर इतके ग्रॅम, आणि 'पाक बेताचा' याच्या जागी 'पाक 114 अंश सेल्सिअसला उतरवावा'. तिने तापमापी आणून अगदी 114 ला उतरवला. रात्री फोन आला, "बाबा, दगड झालेत."

चूक माझी होती, आणि ती मला तरी कळायला हवी होती. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं, दर तीनशे मीटरला साधारण एक अंशाने. तिच्याकडे पाणी 94 अंशांच्या आसपास उकळतं. पाक म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर. पाणी उडत जातं तशी साखर दाट होते आणि उकळण्याचं तापमान चढत जातं. आमच्याकडे 114 ला जो पाक होतो, तो तिच्याकडे 108 लाच होतो. 114 पर्यंत नेल्यावर पाणी फार उडालं, आणि पाक मऊ गोळीच्या पुढे जाऊन कडक गोळीपाशी पोचला.

दुसऱ्या दिवशी ताईने तिला फोनवर सांगितलं, "वाटीत गार पाणी घे. पाकाचा थेंब टाक. बोटाने गोळा कर. मऊ गोळी वळली आणि बाहेर काढल्यावर दाबली गेली की उतरव." मुलीने तसं केलं आणि वड्या पडल्या. ती खूण समुद्राकाठी चालते आणि डोंगरावरही चालते, कारण ती तापमान विचारतच नाही, पाकात साखरेचं प्रमाण किती झालं आहे ते थेट विचारते. गोळीबंद पाकात साखर साधारण 85 टक्के असते. ताईला टक्केवारी माहीत नाही, तिच्या बोटाला माहीत आहे. तेव्हापासून मी आमच्या वहीत दोन्ही लिहितो. पहिल्या खेपेला आकडा धीर देतो, आणि जागा, भांडं, शेगडी, काहीही बदललं की खूण वाचवते. तापमापी वापरणाऱ्यांनी ती आधी उकळत्या पाण्यात धरावी आणि काय दाखवते ते पाहावं. तिथे शंभरापेक्षा जितके अंश कमी दिसतील तितके पाकातही कमी धरावे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

खुणेबरोबर कारणही लिहावं, असं आता मला वाटतं. 'उतरवून जरा थांबावे मग घोटावे' ही ओळ मी दोनदा वाचून सोडून दिली होती. पाक गरम असतानाच घोटला तर साखरेचे मोठे खडे धरतात आणि वडी जिभेला रवाळ लागते. जरा निवल्यावर घोटला तर कण बारीक राहतात. मुरंब्याच्या पानावर आईने 'लिंबू 4 थेंब' लिहिलं आहे. मी ते चवीसाठी समजत होतो. लिंबाच्या आम्लाने साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि पाक बरणीत खडे धरत नाही, त्यासाठी ते आहे. कारण माहीत नसलं की माणूस पहिली काट अशाच ओळीवर मारतो. माझ्या सुनेने तब्येतीचा विचार करून मुरंब्यातली साखर निम्मी केली. विचार चांगलाच होता. पण बरणी नेहमीसारखी फडताळात ठेवली आणि आठव्या दिवशी वर बुरशी आली. मुरंब्यात साखर पासष्ट टक्क्यांच्या आसपास असते ती गोडीपुरती नसते. ती पाणी धरून ठेवते आणि बुरशीला मिळू देत नाही. साखर कमी करावी, खुशाल करावी, पण मग बरणी फ्रिजमध्ये जायला हवी आणि लवकर संपायला हवी, हेही कृतीत यायला हवं. सणाच्या गडबडीत शिजवलेलं अन्न तासन् तास ओट्यावर राहतं, त्याबद्दलही एक ओळ प्रत्येक कृतीखाली छापावी. दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि ठेवायचं तर पाच अंशांच्या खाली, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे.

सणाला माणसं वाढतात, म्हणून प्रमाण दुप्पट करण्याबद्दल एवढंच सांगतो की साहित्य दुप्पट होतं, वेळ होत नाही. त्याच कढईत दुप्पट पाक आटवायला घेतला तर वाफ जायला तोंड तेवढंच राहतं, आणि तेलात दुप्पट पदार्थ सोडले तर तेल गार पडून ते तेल पितात. घाण्यामागून घाणे काढावेत. ताईचं म्हणणं हेच आहे.

हे सगळं आपल्याला एका घरातल्या वड्यांचं पुराण वाटू शकेल. पण लिहिलेल्या पाककृतींची ही अडचण फार जुनी आहे. येल विद्यापीठाच्या संग्रहात बॅबिलोनियातल्या मातीच्या पाट्या आहेत, सुमारे 3,700 वर्षांपूर्वीच्या. माणसाने लिहून ठेवलेल्या सर्वांत जुन्या कृतींमध्ये त्यांची गणना होते. एका पाटीवर 25 कृती आहेत, बहुतेक रस्स्यांच्या. काय काय घालायचं ते आहे. किती घालायचं आणि किती वेळ शिजवायचं ते जवळजवळ नाहीच. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, हे तर करतातच. त्या रस्स्यांची खरी चव आज कोणालाच सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट मी वाचली आहे, आणि ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझिन या गावी ज्यूंना कोंडून ठेवलं होतं. तिथल्या उपाशी बायका एकमेकींना घरच्या पाककृती सांगत आणि मिळेल त्या कागदावर लिहीत. मीना पेख्टर नावाच्या बाईंनी अशी हाताने लिहिलेली वही एका परिचिताच्या हाती सोपवली आणि आपल्या मुलीला पोचवायला सांगितली. त्या 1944 मध्ये तिथेच वारल्या. वही एका हातातून दुसऱ्या हातात फिरत 1969 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या मुलीला मिळाली. पंचवीस वर्षांनी. त्यातल्या काही कृती अपुऱ्या आहेत, कुठे जिन्नस राहून गेलेत, कुठे पायऱ्या. भुकेने थकलेल्या माणसांकडून राहणारच. पण माझ्यासारखा माणूस, ज्याच्या घरी आई 82 वर्षांची होईपर्यंत होती, काटा होता, कागद होता, वेळ होता, त्याच्याकडे आईचा हात पाहून लिहिलेली एकच कृती पूर्ण आहे. मला कुठल्या तोंडाने सबब सांगता येईल?

म्हणून आपल्याला विनंती आहे. पुरवणीत चाळीस कृती शंभर-शंभर शब्दांत छापण्यापेक्षा चार छापा, पण पूर्ण छापा. वजनात छापा. प्रत्येक टप्प्यावर डोळ्याला, कानाला, बोटाला काय कळतं ते लिहायला सांगा. आणि ती कृती त्या घरात कधी फसली, का फसली, हे हक्काने मागा, कारण शिकण्यासारखं सगळं तिथेच असतं. छायाचित्र हवंच असेल तर सजवलेल्या ताटाचं नको, पाकाचा थेंब गार पाण्यात कसा दिसतो त्याचं छापा. कृती कोणाच्या हातची आणि लिहिली कोणी, ही दोन्ही नावं द्या. आमच्याच घरात आईची वडी घट्ट होते आणि ताईची जरा मऊ. दोघींचा पाक दोन-तीन अंशांनी वेगळा आहे. खरी कुठली असं मला मुलीने विचारलं होतं. दोन्ही खऱ्या, म्हणून आता वहीत दोन पानं आहेत.

आणि वाचकांना या पत्रातून एक सांगणं आहे, ते कृपा करून कापू नका. या सणाला घरातलं वडीलधारं माणूस ओट्याशी उभं राहील किंवा खुर्चीवर बसून सांगेल, तेव्हा त्यांच्या हातात माप देऊ नका. डबा काट्यावर ठेवा आणि त्यांना त्यांच्या मुठीने घेऊ द्या. मध्ये बोलू नका. प्रश्न नंतर, पदार्थ ताटात आल्यावर विचारा. घरात एखादी जुनी वाटी असेल, जिच्या मापाने सगळं होत आलं आहे, तिच्यात आजच पाणी भरून वजन करा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. यात पाच मिनिटंही जात नाहीत. मला त्या पाच मिनिटांसाठी दोन वर्षं लागली.

आईच्या वहीतल्या उरलेल्या कृती मी आणि ताई एकेक करून काढतो आहोत. ती करते, मी शेजारी काटा घेऊन बसतो. आतापर्यंत एकोणीस झाल्या. तीन पानं मात्र अजून लागत नाहीत. त्यातल्या एकावर नुसतं 'नेहमीप्रमाणे' असं लिहिलं आहे.

पत्रासोबत वडीची कृती जोडली आहे, आईची आणि ताईची, दोन्ही. मोजून पाहिली. ती 640 शब्दांची झाली आहे. कमी करण्याचा दोनदा प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी जो शब्द काढला त्यावाचून मुलीचं अडलं असतं. छापायची तर पूर्ण छापावी. जागा नसेल तर राहू द्यावी आणि कागद परत पाठवावा, माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक)